उत्तरवयातील एकाकी प्रवास आणि आमची प्रवासवर्णने

मराठी प्रवासवर्णनाचा विचार करताना आमच्या टीकाकारांनी एकच मोजमाप फार काळ हाती धरले आहे. लेखकाने काय पाहिले आणि ते किती रसिकतेने सांगितले, एवढे तपासले की त्यांचे काम संपते. अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) या पुस्तकाला हे मोजमाप शोभते, पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ला (१९६०) तर ते विशेषच शोभते, कारण तेथे पाहणाऱ्याची दृष्टी हाच ग्रंथाचा खरा विषय आहे. परंतु प्रवासाचा एक प्रकार असा आहे की, त्याच्यापुढे हे मोजमाप निरुपयोगी ठरते. वय उतरणीला लागलेले, सोबत कोणी नाही, भाषा अवगत नाही आणि समोर परदेशातील एक अफाट नगर. अशा माणसाने लिहिलेल्या पुस्तकात देखावे शोधणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही, आणि मग तो ते पुस्तक प्रवासवर्णनाच्या खात्यातून काढून आत्मचरित्राच्या खात्यात ढकलतो. पार्वतीबाई आठवले यांच्या ‘माझी कहाणी’चे (१९२८) असेच झाले आहे.

पार्वतीबाईंचा जन्म १८७० चा. बाया कर्वे यांच्या त्या भगिनी. विसाव्या वर्षाच्या सुमारास वैधव्य आले, पदरी एक मुलगा होता. पुढे हिंगण्याच्या आश्रमाचे काम हेच त्यांचे आयुष्य झाले. आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत त्या गावोगाव हिंडल्या. आणि या हिंडण्यातच इंग्रजीवाचून आपले अडते, हे त्यांच्या ध्यानी आले. १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी शिकावे आणि संस्थेस साहाय्य मिळवावे या हेतूने त्या एकट्या अमेरिकेस गेल्या. तेथे पोटासाठी त्यांनी लोकांच्या घरी घरकाम केले. आश्रमात ज्यांच्या शब्दावर स्वयंपाकघर चाले, त्या बाई परक्या शहरात दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात राबल्या, आणि त्याही शाकाहाराचे व्रत न सोडता.

पंडिता रमाबाईंचे अमेरिकेवरील पुस्तक (१८८९) यांच्या शेजारी ठेवून पाहावे. रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेत उतरल्या तेव्हा त्या तिशीच्या आतल्या होत्या. विद्वत्ता होती, इंग्रजी होते, इंग्लंडचा अनुभव होता. त्यांचा ग्रंथ त्या देशाची राज्यव्यवस्था, शिक्षण, स्त्रियांच्या संस्था यांचे निरीक्षण करतो. म्हणजे त्यात अमेरिका आहे. पार्वतीबाईंच्या पुस्तकात त्या मानाने अमेरिका फार थोडी आहे. हे त्यांचे उणेपण असे समजणाऱ्यांशी आमचा मतभेद आहे. तरुण प्रवासी परक्या नगरातून काहीतरी घेऊन घडत असतो. उत्तरवयीन प्रवासी घडून आलेला असतो. त्याची भाषा, त्याचे अन्न, त्याचा देव, त्याची लाज, सर्व काही ठरून गेलेले असते. अशा माणसाला नगर विचारते की, यांतले तू काय सोडतोस? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ज्या पुस्तकात मिळते, त्याला आम्ही श्रेष्ठ प्रवासवर्णन म्हणू. मग त्यात एकाही इमारतीचे वर्णन नसले तरी चालेल.

पार्वतीबाईंनी मानाची कल्पना सोडली, अन्नाची सोडली नाही. घरकामात कमीपणा नाही हे म्हणणे सोपे असते. हाताखाली माणसे वागवलेल्या बाईने पन्नाशीच्या उंबरठ्यावर ते करून दाखवणे वेगळे. त्यांची शैली साधी, जवळजवळ कोरडी आहे. त्या स्वतःची कीव करीत नाहीत, आणि वाचकालाही करू देत नाहीत. पुस्तकात दोष नाहीत असे मात्र नव्हे. संस्थेचा विचार लेखिकेला क्षणभर सोडत नाही. जेथे एखाद्या रात्रीच्या एकटेपणाविषयी दोन शब्द अधिक हवे होते, तेथे कार्याची निकड आडवी येते. वर्गणीसाठी बोलण्याची सवय लेखणीतही उतरते. वर्षानुवर्षे लोकांपुढे संस्थेची बाजू मांडणाऱ्याला एकांतात बोलणे जड जाते, हे आम्ही समजू शकतो, तथापि वाचक म्हणून हळहळतो. जस्टिन ॲबट यांनी या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर केले, ते १९३० मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या महाविद्यालयांतून मूळ मराठी ग्रंथ त्या मानाने किती वाचला जातो, याचा विचार अध्यापकांनीच करावा.

हा प्रश्न बीदर आणि कलबुर्गी या सीमाभागात राहून मराठीचे अध्ययन-अध्यापन करणाऱ्यांना अधिक जवळचा वाटावा असे एक कारण आहे. आज परदेशी महानगर म्हटले की लंडन, न्यूयॉर्क डोळ्यांपुढे येते. परंतु बहमनी काळात ही दोन शहरेच इतरांची परदेशी महानगरे होती. तैमूरच्या स्वारीच्या वेळी, १३९८ मध्ये, ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांनी दिल्ली सोडली आणि ते गुलबर्ग्यास आले तेव्हा वयाची ऐंशी वर्षे त्यांच्या जवळ आली होती. ते एकटे नव्हते, परिवार बरोबर होता. पण त्या वयात नव्या नगरात बिऱ्हाड थाटण्याचे धाडस लहान नव्हे. महमूद गावान गिलानहून बीदरला पोहोचला तो चाळिशी ओलांडल्यावर, व्यापारी म्हणून; पुढे वजीर झाला, बीदरचा मदरसा त्याने बांधला, आणि १४८१ मध्ये त्याच नगराच्या सुलतानाच्या हुकमाने मारला गेला. त्याची फारसी पत्रे संग्रहरूपाने उरली आहेत.

मात्र एकटेपणाचे खरे लेखन ठेवले आहे ते रशियातील त्वेर गावच्या अफानासी निकीतिन या व्यापाऱ्याने. त्याचे वय ठरवता येत नाही. परंतु ज्या गोष्टीचा आम्ही विचार करीत आहोत ती, म्हणजे घडून आलेला माणूस आणि परके नगर यांची गाठ, त्याच्या वहीत इतकी उघडी आहे की, त्याला वगळणे चुकीचे ठरेल. व्होल्गा नदीवर लुटला गेलेला हा माणूस इराणमार्गे होर्मुझला आणि तेथून समुद्राने चौलला आला. एक घोडा तेवढा जवळ होता. जुन्नरला तेथील सुभेदाराने तो घोडा हिरावून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो, वर मोहरा देतो, असे सांगितले. एका खुरासानी माणसाच्या मध्यस्थीने घोडा आणि धर्म दोन्ही वाचले. पुढे १४७० च्या आसपास तो बीदरला राहिला, गुलबर्गा पाहिले, आळंदच्या घोडेबाजाराची त्याने नोंद केली. आमच्या भागातील वाचकाला आळंदचे नाव रशियन हस्तलिखितात भेटते तेव्हा होणारा आनंद बाळबोध असेल, पण खोटा नाही.

तरीही निकीतिनची वही वाचनीय होते ती बाजाराच्या नोंदींमुळे नव्हे. लुटीत त्याची धर्मपुस्तके गेली होती. त्यामुळे सण आणि उपवास कधी येतात हे त्याला कळेनासे झाले. तो अंदाजाने ईस्टर पाळतो, मुसलमानांच्या उपवासाच्या दिवसांत उपवास करतो, आणि आपण चुकलो की काय या शंकेने झुरतो. दिनदर्शिका हरवणे हे एकटेपणाचे इतके नेमके चित्र आहे की, त्यापुढे अश्रूंची वर्णने फिकी पडावीत. बीदरमधील हिंदूंना त्याने आपला धर्म सांगून टाकला, तेव्हा त्यांनीही आपले खाणेपिणे, पूजाअर्चा त्याच्यापासून लपवणे सोडले, आणि शिवरात्रीला तो त्यांच्याबरोबर श्रीशैलास गेला. वहीच्या अखेरीकडे त्याची रशियन भाषा तुर्की, फारसी, अरबी शब्दांत मिसळून जाते. शेवटची प्रार्थनाही अशाच मिश्र बोलीत आहे. पार्वतीबाईंनी अन्न राखले आणि मान सोडला. निकीतिनने श्रद्धा राखली, पण तिची भाषा त्याच्या हातून निसटली. दोघांच्याही पुस्तकांत नगर पडद्यामागेच राहते आणि तरीही ते जाणवते.

या कसोटीवर इतर काही पुस्तके पाहावीत. महर्षी कर्वे १९२९ साली सत्तरी ओलांडण्याच्या सुमारास परदेशी गेले. लंडन, जिनिव्हा, एल्सिनोर, अमेरिका, जपान असा प्रवास करून १९३० च्या एप्रिलमध्ये परतले. कर्तृत्वाच्या दृष्टीने हा प्रवास थोर आहे, वाङ्मयाच्या दृष्टीने त्याने आम्हांस तितके दिले नाही. सभा आणि संस्था यांच्या गर्दीत वृद्ध प्रवासी हरवतो. डॉ. मीना प्रभू (१९३९–२०२५) यांनी पन्नाशीनंतर लेखणी हाती धरली आणि तुर्कस्थान, चीन, इराण येथवरचे प्रवास, पुष्कळदा एकटीने केलेले, मराठीत आणले. त्यांच्या लेखनात चैतन्य आहे, माहितीची उणीव नाही. परंतु त्यांचा एकटेपणा निवडलेला आहे. लंडनमध्ये घर आणि हाती इंग्रजी असलेल्या प्रवाशाला नगर वरील प्रश्न तितक्या कठोरपणे विचारीत नाही. हा दोष नव्हे, जातीचा फरक आहे.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेने जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. येथील मराठी माणसाने त्यापूर्वी कचेरीत उर्दू ऐकली होती, त्यानंतर कन्नड ऐकली. गाव न सोडता परभाषेच्या दारात उभे राहणे म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही; कन्नड शेजाऱ्याबरोबर सुखाने नांदतानाही ते त्याला ठाऊक असते. आज याच तालुक्यांतील मुले परदेशी नोकरीला आहेत आणि त्यांचे आईवडील साठी-सत्तरीत विमानाने त्यांच्याकडे जातात, कधी एकेकटे. परत आल्यावर ते ओसरीवर जे सांगतात त्यात उंच इमारती पहिल्या पाच मिनिटांतच संपतात. पुढे चालते ते दुपारच्या रिकाम्या घराचे, दुकानात खुणेने मागितलेल्या जिऱ्याचे, एकादशी तिथली धरावी की इथली याचे. हा निकीतिनचाच प्रश्न आहे, आणि तो भालकीच्या बोलीत, कन्नड-उर्दूच्या मिश्रणासह सांगितला जातो. प्रवासवर्णनाच्या स्पर्धांसाठी परीक्षक म्हणून बसणाऱ्या आमच्या अध्यापकबंधूंच्या हाती असे एखादे हस्तलिखित आले, तर त्यातील ‘प्रेक्षणीय स्थळांचे वर्णन अपुरे’ हा शेरा लिहिण्यापूर्वी त्यांनी ‘माझी कहाणी’ची काही पाने वाचावीत. निकीतिन स्वदेशी पोहोचण्याआधी स्मोलेन्स्कजवळ वारला. त्याची वही मॉस्कोस पोहोचली आणि इतिहासकार करमझिनने एकोणिसाव्या शतकात उजेडात आणीपर्यंत तिला कोणी विचारले नाही.