हौशी मंडळींनी जपलेला व्यावसायिक इतिहास

केन रोझवॉलच्या नावावर एकेरीची 8 ग्रँडस्लॅम विजेतेपदं आहेत. यादी वाचताना 1956 च्या अमेरिकन स्पर्धेनंतर नजर थेट 1968 च्या फ्रेंच स्पर्धेवर जाते. मधली वर्षं कोरी. वयाच्या बाविशीपासून तेहतिशीपर्यंतचा हा काळ कुठल्याही खेळाडूच्या ऐन भराचा, आणि रोझवॉलही त्या काळात ऐन भरातच होता. लंडनच्या वेम्बलीत, पॅरिसमध्ये तो व्यावसायिकांच्या स्पर्धा वरचेवर जिंकत होता. पण पैसे घेऊन खेळणाऱ्याला तेव्हा विम्बल्डनसारख्या स्पर्धांची दारं बंद होती. 1926 पासून 1968 पर्यंत टेनिसमधले कित्येक उत्तम सामने असे दाराबाहेर झाले. त्यांचा इतिहास लिहिला कोणी, आणि कसा? गेल्या काही दशकांतली पुस्तकं या प्रश्नाच्या उजेडात वाचली की टेनिसवरच्या लेखनाचं बळ आणि दुबळेपण दोन्ही दिसतं.

सुरुवात ठळक आहे. 1926 मध्ये सी. सी. पाइल या अमेरिकन आयोजकाने सुझान लाँग्लेनला करारबद्ध केलं आणि त्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दौऱ्याला सुरुवात झाली. पुढे टिल्डन, व्हाइन्स, पेरी, बज, रिग्ज, क्रेमर, गोन्झालेस, रोझवॉल, होड, लेव्हर असे एकामागून एक विजेते हौशी टेनिस सोडून या वाटेने गेले. सतरंजीसारखं कापडी कोर्ट गुंडाळून गावोगाव न्यायचं, जिमखान्यात नाहीतर बर्फाच्या रिंकवर अंथरायचं, रात्री सामना आणि सकाळी पुढचं गाव, असा हा संसार होता. हिशेब ठेवणारी कायमची संघटना नव्हती. वर्तमानपत्रं दोन ओळींत निकाल छापत, कधी तेही नाही. एकाच दौऱ्याच्या जय-पराजयाचे आकडे दोन पुस्तकांत वेगळे सापडतात, त्याचं मूळ इथे आहे.

ही पोकळी पहिल्यांदा भरली ती आत्मचरित्रांनी. त्यांतलं सर्वांत प्रभावी म्हणजे जॅक क्रेमरचं 1979 मधलं ‘द गेम’. फ्रँक डेफर्डच्या मदतीने लिहिलेलं हे पुस्तक आजही झपाटून टाकतं. 26 डिसेंबर 1947 ला न्यूयॉर्क बर्फात गाडलं गेलं असताना क्रेमर-रिग्ज सामन्याला सुमारे 15 हजार लोक आले, ही हकीकत प्रत्येक लेखक सांगतो. त्या रात्री रिग्ज जिंकला, पण दौरा क्रेमरने 69-20 असा मारला. बर्फातली ती एक रात्र साहित्यात अजरामर झाली. उरलेल्या 88 रात्रींचं काय झालं, याची फिकीर फार कमी पुस्तकांना आहे.

क्रेमरचं पुस्तक वाचताना त्याची दुहेरी भूमिका विसरून चालत नाही. तो आधी खेळाडू होता, मग आयोजक झाला, म्हणजे मालक. त्याच्या मते सर्वश्रेष्ठ खेळाडू बज आणि व्हाइन्स. लेव्हर आणि रोझवॉल दुसऱ्या फळीतले. आपल्या पिढीला झुकतं माप देणारं हे मत पुढे अनेकांनी इतिहास म्हणून उचललं. गोन्झालेसशी त्याचा पैशांवरून झालेला संघर्षही आपण मुख्यतः क्रेमरच्या तोंडून ऐकतो. 1955-56 च्या दौऱ्यात नवख्या टोनी ट्रॅबर्टला गोन्झालेसच्या कित्येक पट रक्कम मिळाली आणि सामने मात्र गोन्झालेसने जिंकले. दुसरी बाजू ऐकायची तर गोन्झालेसचं 1959 मधलं ‘मॅन विथ अ रॅकेट’ वाचावं लागतं. तेही शब्दांकन करून घेतलेलं आणि त्याची कारकीर्द चालू असतानाचं, त्यामुळे हात राखून लिहिलेलं. या विलक्षण खेळाडूला अजून त्याच्या तोलाचा चरित्रकार मिळालेला नाही.

डेफर्डचा ठसा या क्षेत्रावर केवढा आहे, हेही नोंदवायला हवं. क्रेमरचं आत्मकथन, 1976 चं बिल टिल्डनचं चरित्र, आर्थर अ‍ॅशची ‘पोर्ट्रेट इन मोशन’ ही रोजनिशी, या तिन्हींत तो आहे. टिल्डनचं चरित्र अव्वल दर्जाचं. मात्र तुरुंगवास, एकाकीपण आणि 1953 मधला मृत्यू या शोकांतिकेच्या सावलीत त्याची व्यावसायिक वर्षं उतरणीसारखी भासतात. प्रत्यक्षात टिल्डन चाळिशी ओलांडल्यावरही पोरसवदा प्रतिस्पर्ध्यांना घाम फोडत होता. कथानक रंगवण्याच्या ओघात खेळ मागे पडतो, हा या चांगल्या लेखकांचाही दोष.

खरी मोलाची भर घातली ती वेगळ्याच दोघांनी. जो मॅकॉली यांचं ‘द हिस्टरी ऑफ प्रोफेशनल टेनिस’ हे वर्षवार इतिहास आणि निकालांचं पुस्तक 2000 च्या सुमारास आलं. ते ललित म्हणून वाचवत नाही, मोठ्या प्रकाशकाचं पाठबळ त्याच्यामागे नव्हतं आणि प्रत मिळणंही कठीण. तरी त्यानंतर या विषयावर जो लिहील त्याला या पुस्तकाच्या दारातूनच जावं लागतं. रे बॉवर्स यांनी 1926 ते 1945 चा काळ जुन्या वर्तमानपत्रांतून वेचून काढला आणि प्रत्येक वर्षाअखेरीस व्यावसायिकांची क्रमवारी मांडली. त्यांची पद्धत सावध आहे: कुणाला कुठे, कोणत्या पृष्ठभागावर हरवलं, हे आधी सांगायचं आणि मोठेपणाचा निवाडा मागून. पैशासाठी खेळलेल्यांचा इतिहास असा पदरमोड करणाऱ्या हौशी संशोधकांनी जपला. कोट्यवधींची उलाढाल असलेल्या आजच्या टेनिसने मात्र व्यावसायिक सामन्यांची अधिकृत आकडेवारी 1968 पासूनच सुरू केली. ‘सार्वकालिक श्रेष्ठ कोण’ हा वाद म्हणूनच लंगडा आहे.

अभ्यासकांत दोन सूर आहेत. डिग्बी बाल्टझेल यांच्या 1995 मधल्या ‘स्पोर्टिंग जंटलमेन’ला हौशी युगाची ओढ आहे, पैसा आला आणि सभ्यता गेली, असा त्यांचा रोख. युक्तिवाद रेखीव, पण अर्धवट. त्या सभ्य युगात प्रवासखर्चाच्या नावाखाली हौशी खेळाडूंना टेबलाखालून पैसे दिले जात, हे सर्वांना ठाऊक होतं. 1968 मध्ये विम्बल्डनने पुढाकार घेऊन दारं उघडली ती या ढोंगाला कंटाळूनच. 2021 मधलं ग्रेग रूथ यांचं ‘टेनिस’ हे पुस्तक नीतीच्या गप्पा बाजूला ठेवून करार, आयोजक आणि बाजार यांच्या अंगाने हाच इतिहास मांडतं. या विषयाला अशाच कोरड्या नजरेची गरज होती.

1968 नंतरच्या खुल्या युगावर पुस्तकांचा तोटा नाही. रिचर्ड इव्हान्स यांचं ‘ओपन टेनिस’ पहिल्या वीस वर्षांचं आतल्या माणसाने केलेलं वर्णन आहे. माहिती भरपूर, अंतर कमी. ते अंतर राखलं मायकेल म्यूशॉ यांनी. त्यांच्या 1983 मधल्या ‘शॉर्ट सर्किट’ने नुसत्या हजेरीसाठी दिले जाणारे पैसे, सामना सोडून देणं, बक्षिसाची आधीच ठरलेली वाटणी हे सारं चव्हाट्यावर आणलं. टेनिसच्या कारभाऱ्यांना ते झोंबलं. आगासीचं ‘ओपन’ गाजलं ते योग्यच. पण शिखरावरच्या माणसाचं दुःख आणि पायथ्याचं दुःख वेगळं. पायथा दाखवला आयर्लंडच्या कॉनर नायलंडने, 2024 च्या ‘द रॅकेट’मध्ये. स्वस्त हॉटेलं, रिकाम्या गॅलऱ्या आणि क्रमवारीच्या एकेका गुणासाठीची वणवण यांचं असं प्रामाणिक चित्र क्वचितच आलं आहे.

स्त्रियांच्या बाबतीत पोकळी जास्त खोल आहे. 1970 मध्ये ह्यूस्टनला नऊ जणींनी एकेक डॉलरचा करार केला, तिथून पुढचं बिली जीन किंगच्या ‘ऑल इन’मध्ये नीट वाचायला मिळतं. पण लाँग्लेनपासून तिथपर्यंतच्या चव्वेचाळीस वर्षांचं काय? विम्बल्डन जिंकलेल्या अल्थिया गिब्सनला हार्लेम ग्लोबट्रॉटर्सच्या बास्केटबॉल सामन्यांच्या जोडीला प्रदर्शनी टेनिस खेळावं लागलं. ही गोष्ट तिच्या चरित्रांत सापडते, व्यावसायिक टेनिसच्या इतिहासांत मात्र ती तळटीप होऊन राहते.

भारतीय वाचकासाठी या इतिहासाला एक जवळचा दुवा आहे. 1960 आणि 1961 मध्ये विम्बल्डनची उपांत्य फेरी गाठणाऱ्या रामनाथन कृष्णनना क्रेमरने मोठ्या रकमेचा प्रस्ताव दिला होता. त्यांनी तो नाकारला. स्वीकारला असता तर डेव्हिस करंडक त्यांना बंद झाला असता आणि 1966 मध्ये अंतिम फेरी गाठणाऱ्या भारतीय संघात ते नसते. कृष्णन पिता-पुत्रांचं ‘अ टच ऑफ टेनिस’ आणि विजय अमृतराजचं आत्मचरित्र मिळून आपल्याकडची बाजू थोडी कळते. पण दोन्ही आठवणी आहेत, इतिहास नव्हे.

थोडक्यात, टेनिसच्या व्यावसायिक इतिहासाला आठवणी उदंड लाभल्या, हिशेबनीस दोन-चार आणि दोन्ही गुण अंगी असलेला इतिहासकार अजून एकही नाही. तोवर वाचकाने क्रेमर वाचावा तो मॅकॉली शेजारी ठेवून. एकाची गोष्ट दुसऱ्याच्या आकड्यांवर घासून पाहिल्याशिवाय खरी मानू नये.