एकट्याची सुटका

परदेशी विज्ञानपटाचा विषय निघाला की आपल्याकडचा प्रस्थापित समीक्षक त्याला पोरखेळ म्हणून बाजूला सारतो. त्यातही थोडक्या पैशांत काढलेला, तुरुंग फोडून पळणाऱ्या माणसाचा भविष्यपट म्हणजे त्याच्या लेखी निव्वळ तिकीटबारीचा माल. लातूर-नांदेडकडच्या आमच्या पिढीने असले चित्रपट केबलवर, हिंदी आवाजात पाहिले. तेव्हा आम्ही त्यातली मारामारी तेवढी पाहिली. अलीकडे त्यांपैकी काही मी मूळ स्वरूपात पुन्हा पाहिले. त्या वेळी न पाहिलेले काही त्यांच्या जोडीने पाहिले. तुरुंग म्हणजे नेमके काय, हा प्रश्न या चित्रपटांनी भल्याभल्या कलात्मक चित्रपटांपेक्षा अधिक नेटाने विचारलेला आहे, असे माझे मत झाले. सुटका म्हणजे काय, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर मात्र मला मान्य नाही.

जॉर्ज लुकासचा ‘टीएचएक्स ११३८’ हा १९७१ सालचा चित्रपट घ्या. पुढे या माणसाने अफाट पैशांचे चित्रपट काढले. हा त्याचा पहिला, ७,७७,७७७ डॉलरांत केलेला. माणसे जमिनीखाली राहतात. त्यांना नावे नाहीत, अक्षरे आणि आकडे आहेत. भूमिगत शहर बांधायला पैसा नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोकडे भुयारी रेल्वेचे काम चालू होते, तेच बोगदे वापरले. आणि तुरुंग? तुरुंगाला भिंतच नाही. जिकडे पाहावे तिकडे पांढरा रंग, ना कोपरा, ना छत, ना दार. कैदी त्या पांढऱ्या पोकळीत बसून असतात, आपसात वाद घालतात, आणि कोणी उठून चालू लागत नाही. दिसत नाही ती भिंत ओलांडायची कशी?

हा तुरुंग आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्या कायद्याने माणूस गुन्हा केल्यावर गुन्हेगार ठरत नसे. जन्माला आला की ठरत असे. सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचे कुंपण होते, ही गोष्ट खरी. पण माणसाला जखडून ठेवणारी वस्तू कुंपण नव्हती, हजेरीचे रजिस्टर होते. तारेबाहेर पडून गिरणीत कामाला जाणारा माणूससुद्धा त्या रजिस्टरच्या आतच असे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला, पण रजिस्टर पोलिसांच्या डोक्यात राहिले. आमच्याच जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांनी ‘उचल्या’त (१९८७) जे जग मांडले त्याला कुठे आहे भिंत? पोलिसांची धाड कधीही पडावी आणि घरातला कोणीही उचलून न्यावा, एवढी व्यवस्था पुरते. या पुस्तकाला १९८८ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुरस्कार देणाऱ्यांनी ते ‘दाहक वास्तव’ म्हणून वाचले असेल. मला ते भविष्यपटासारखेही वाचता येते, कारण त्यातली राजवट या चित्रपटांतल्या राजवटीहून तसूभरही कमी अघोरी नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांनी तुरुंग दाखवताना उंच तट, बुरूज, प्रकाशझोत, कुत्री हे सारे उभे केले. ज्यांच्याजवळ पैसा नव्हता त्यांना तट परवडला नाही. त्यामुळे माणूस तटाशिवाय कसा कोंडला जातो, याचा विचार त्यांना करावा लागला. मग कोणी कैद्याच्या आतड्यात यंत्र घातले, कोणी मानेच्या रक्तवाहिनीत स्फोटक सोडले. स्टुअर्ट गॉर्डनच्या ‘फोर्ट्रेस’मध्ये (१९९२) नवराबायकोचा गुन्हा काय, तर दुसऱ्या मुलाची गर्भधारणा. जे मूल अजून जन्मले नाही त्यावर तुरुंग चालवणाऱ्या कंपनीची मालकी. चित्रपट तसा ढोबळ आहे, शेवटी शेवटी तर हास्यास्पद होतो. पण जन्म हाच गुन्हा, ही कल्पना ज्याला अद्भुत वाटते त्याने १८७१चा कायदा वाचावा.

या सगळ्यांत मला अस्वस्थ करणारा चित्रपट म्हणजे व्हिन्सेन्झो नतालीचा ‘क्यूब’ (१९९७). कॅनडातला हा चित्रपट सुमारे साडेतीन लाख डॉलरांत झाला. सारा चित्रपट खोल्यांच्या अजस्र ठोकळ्यात घडतो आणि प्रत्यक्षात उभारलेली पूर्ण खोली एकच! भिंतींचे रंग बदलायचे की झाली दुसरी खोली. काही माणसे एकदम त्यात जागी होतात. आपल्याला येथे कोणी आणले, का आणले, कोणालाच ठाऊक नाही. काही खोल्यांत मृत्यू दडलेला आहे. आमच्या काही विद्यार्थ्यांना मी हा चित्रपट दाखवला. पालावरून शिकायला येणारा एक मुलगा शेवटी म्हणाला, “सर, ह्यांला आत कशापायी घातलं ते ह्यांला कळंना, हे खरंय. पन ह्यात नवीन काय?” बाकीची मुले हसली. मला त्या वाक्यावर वर्गात बोलता आले नाही, म्हणून येथे बोलतो.

त्या मुलाचे म्हणणे बरोबर आहे आणि चित्रपटाची मर्यादाही त्यातच आहे. ‘क्यूब’मधली माणसे काल मोकळी होती, डॉक्टर, पोलीस, विद्यार्थिनी होती. आज अचानक कोंडली गेली, म्हणून त्यांना धक्का बसतो. या साऱ्या चित्रपटांतली भीती ही बहुतेक अशाच माणसाची भीती आहे, ज्याने आजवर दुसऱ्याला कोंडलेले पाहिले होते. आपल्यावर पाळी येईल काय, या विचाराने त्याला घाम फुटतो आणि तो त्याला ‘भविष्यकाळ’ असे नाव देतो. आपल्यासाठी तो भूतकाळ आहे आणि पुष्कळांसाठी वर्तमानकाळ.

याहून गंभीर आक्षेप दुसरा आहे. त्या ठोकळ्यात वर्थ नावाचे एक पात्र आहे. ठोकळ्याच्या बाहेरच्या कवचाचा आराखडा आपणच काढला, हे तो मध्येच कबूल करतो. कशासाठी, हे त्याने कधी विचारले नाही. त्याच्या मते हा तुरुंग कोणाच्याच मालकीचा नाही. एकाने हे केले, दुसऱ्याने ते केले, सारे मिळून काय झाले हे कोणी पाहिले नाही. परदेशी समीक्षक या प्रसंगाला फार मोठा मानतात. मीही तो मोठा मानतो, पण सावध राहून. कारण जातीविषयी हाच युक्तिवाद आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत: जात कोणी केली नाही, ती होत गेली, दोष व्यवस्थेचा आहे, आमचा कोणाचाच नाही. म्हणजे कारकून सारे, मालक कोणी नाही. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात या प्रश्नाला हात घातला आहे. एखाद्या मनूने एकट्याने जात लादली, हे त्यांनीही मान्य केले नाही. पण तेवढ्यावर थांबून ‘कोणीच दोषी नाही’ असे ते म्हणत नाहीत. दार प्रथम कोणी लावून घेतले, अनुकरण कोणी केले आणि कोणाच्या तोंडावर ते बंद झाले, याचा ते शोध घेतात. नतालीच्या चित्रपटात हा शोध नाही. तुरुंगाला मालक नाही असे म्हणणे सोयीचे असते. आणि ते कोणाच्या सोयीचे असते हे वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे तुरुंगाविषयी चित्रपट झालाच नाही असे नव्हे. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ साली स्वतंत्रपूरची खुली वसाहत सुरू झाली. त्या प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) काढला. सहा खुनी कैदी, एक ध्येयवादी जेलर, उजाड जमीन. चित्रपट उत्तम आहे, याविषयी वाद नको. येथेही भिंत नाही, पण आहेत ते जेलरचे डोळे. कैदी पळू लागले की ते डोळे आठवतात आणि पावले मागे वळतात. पाश्चात्त्य चित्रपटात ज्या पाळतीला सैतानी यंत्र म्हटले असते तिची आपण येथे पूजा बांधली. पळणे हे पाप, परतणे हे पुण्य! त्या सहाजणांची जात कोणती, हा प्रश्न तर चित्रपटाला पडतही नाही.

आता सुटकेकडे येतो. जॉन कार्पेंटरचा ‘एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क’ (१९८१) यात सबंध मॅनहॅटन बेट तुरुंग झाले आहे. आगीत जळालेल्या सेंट लुईस शहरातल्या ओसाड गल्ल्यांत तो चित्रित केला. आत पोलीस नाहीत, कायदा नाही. गेलेला परत येत नाही. आतली माणसे मात्र टॅक्सी चालवतात, नाटके करतात, स्वतःपुरते इंधन काढतात. गावकुसाबाहेरची वस्ती जशी आपल्या पायावर उभी असते तशी. पण नायक प्लिस्केन येतो तो राष्ट्राध्यक्षाला सोडवायला, कारण मानेत भरलेले स्फोटक ठरल्या वेळी उडणार आहे. तो निसटतो. बेट तसेच राहते, आणि बेटावरच्या माणसांना कॅमेराही विसरतो.

‘टीएचएक्स’मध्ये हे अधिक बोचते. त्या समाजात काळी माणसे फक्त पडद्यावरच्या करमणुकीच्या प्रतिमा म्हणून दिसतात. त्यांपैकी एक, एसआरटी, प्रतिमा होऊन राहण्याला कंटाळून निघालेला असतो. पांढऱ्या पोकळीतून बाहेरची वाट दाखवणारा हाच. पुढे पळताना त्याची मोटार खांबावर आदळते आणि त्याची कथा संपते. नायक पुढे जातो. मी माझ्या घरातला पहिला पदवीधर आहे. वाट दाखवणारे खांबावर आदळले आणि मी पुढे आलो, असे मला अनेकांविषयी म्हणता येईल. म्हणून मला या चित्रपटात नायकापेक्षा एसआरटी अधिक जवळचा वाटतो. नायकाचा पाठलाग कसा थांबतो, हेही पाहण्यासारखे आहे. तो शिडी चढत असतो, पोलीस यंत्रे खालून सांगतात की परत ये, बाहेर तुला जगता येणार नाही. एवढ्यात हिशेब येतो: खर्च मंजूर रकमेच्या वर गेला. पाठलाग रद्द! एकटा माणूस सुटला तर व्यवस्थेला तो तोटा परवडतो, हे लुकासने कदाचित नकळत सांगून टाकले आहे. आपल्यातले काहीजण शिकून, नोकरी धरून, शहरात घर घेऊन, आडनाव सौम्य करून वर आले, तेव्हा व्यवस्थेनेही असाच हिशेब केला नसेल काय?

बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्म सोडण्याची घोषणा केली. एकट्याने जायचे असते तर दुसऱ्या दिवशी जाता आले असते. ते २१ वर्षे थांबले. १९३६च्या मे महिन्यात मुंबईच्या महार परिषदेत ‘मुक्ती कोन पथे?’ म्हणून आपल्या माणसांपुढे प्रश्न ठेवला, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंच्या सोबतीने, भर दिवसा बाहेर पडले. यात भुयार नाही, रात्र नाही. अण्णा भाऊ साठे यांचा ‘फकिरा’ (१९५९) तर याच्याही पुढची गोष्ट सांगतो. सरकारने त्याची माणसे डांबल्यावर फकिरा स्वतः होऊन हजर होतो. प्लिस्केनने असे केले असते तर चित्रपट कोसळला असता.

परदेशी चित्रपटात मला याच्या जवळपास जाणारे एकच उदाहरण सापडले. जॉन सेल्स या दिग्दर्शकाने मॅकआर्थर शिष्यवृत्तीचे पैसे घालून ‘द ब्रदर फ्रॉम अनदर प्लॅनेट’ (१९८४) काढला. दुसऱ्या ग्रहावरून पळालेला मुका, काळा गुलाम न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये येतो. दोन गोरे शिकारी त्याच्या मागावर आहेत. दारूच्या गुत्त्यावरची माणसे त्याला सामावून घेतात, राहायला जागा आणि काम मिळवून देतात, त्याच्यासाठी शिकाऱ्यांची दिशाभूल करतात. एका संग्रहालयात पळणाऱ्या गुलामाचे चित्र पाहून तो एका पोराला खुणेने सांगतो: हा मी. शेवटी शिकारी त्याला गाठतात तेव्हा त्याच्यासारखेच पूर्वी पळून आलेले कितीतरी लोक गर्दीतून पुढे येतात. म. ना. वानखडे यांनी आपल्याला काळ्यांच्या साहित्याकडे पाहायला शिकवले. त्यांच्या चित्रपटाकडे मात्र आपले लक्ष कमी गेले. हा चित्रपट एका गोऱ्या माणसाने काढला आहे, हेही नोंदवून ठेवतो.

मराठीत असा चित्रपट कोणी काढावा असे मला फार वाटते. ‘क्यूब’ला एक खोली पुरली, आपल्याला तीही नको. चावडीचा ओटा, एक टेबल, एक कंदील आणि हजेरीचे रजिस्टर एवढे पुरे. पळणारा माणूस रात्री पळून जाऊ द्यावा. कॅमेरा मात्र त्याच्यामागे धावू नये, टेबलापाशीच ठेवावा; आणि सकाळी नाव पुकारल्यावर कोणी ओ देत नाही तेव्हा फौजदार पुढचे नाव कोणाचे घेतो ते दाखवावे.