मांडोचा दुसरा आवाज

माझ्याकडे एकाच मांडोच्या तीन झेरॉक्स प्रती आहेत. मांडो तोर्कात द फिगेरेदो (१८७६–१९४८) यांचा, निरोपाचा. गोव्यात नुसते 'अदेउस' म्हटले तरी लोक ओळखतात. पहिली प्रत एका घरातल्या वहीवरून काढलेली, दोन आवाजांची. दुसरी चार आवाजांची : सोप्रानो, आल्टो, टेनर, बास. नीट टाक लावून लिहिलेली, शिकलेल्या माणसाची. तिसरी प्रत म्हणजे दुसरीच, पण तिच्यावर पेन्सिलीच्या इतक्या खाणाखुणा आहेत की मूळ शाई काही ठिकाणी दिसतच नाही. या तिसऱ्या प्रतीविषयी मला लिहायचे आहे, कारण समूहगीताच्या मांडणीविषयी जे मला पुस्तकांतून वीस वर्षांत उमगले नव्हते ते त्या पेन्सिलीने एका संध्याकाळी दाखवले.

आधी थोडे मांडोविषयी. कोकणी ख्रिस्ती समाजाचा हा एकोणिसाव्या शतकात घडलेला गीतप्रकार. संथ चालीचा, जोडीजोडीने नाचायचा, सासष्टीतल्या भाटकारांच्या घरातल्या दिवाणखान्यांत लग्नाच्या निमित्ताने वाढलेला. साथीला व्हायोलिन आणि घुमट. सासष्टीतल्याच ओर्लीच्या मिकाएल मार्तिन्स (१९१४–१९९९) यांनी १९३३पासून गावोगाव फिरून गोव्याची हजारो गाणी टिपली. पुढे जुझे परेरा यांच्याबरोबर त्यांनी मांडोंचे संकलन आणि विवेचन केले. मांडोवर काम करणारा प्रत्येक जण या दोघांचा ऋणी आहे. मीही.

मांडो एकट्याने गायचा नसतो. त्याला दुसरा आवाज लागतो. मुख्य चालीच्या खाली, बहुधा तिसऱ्या स्वरावर, कधी सहाव्यावर, दुसरी ओळ सरकत राहते. म्हणजे चाल गंधारावर असेल तर दुसरा आवाज षड्जावर, चाल मध्यमावर गेली की तो रिषभावर. घरातल्या बायका ही दुसरी ओळ कागदाशिवाय लावत. त्यामागे मोठा इतिहास आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना सोल्फेज, गायन आणि व्हायोलिन शिकवले जाई. इतक्या पिढ्या प्रार्थनेत दोन-तीन आवाज ऐकलेल्या कानाला लग्नाच्या गाण्यात दुसरा आवाज सुचणे स्वाभाविकच होते.

आता दुसरी प्रत. चार आवाजांची मांडणी करणाऱ्याने चाल सोप्रानोला दिली, हे ठीक. बासला प्रत्येक स्वरसंघाचा पाया दिला, तेही ठीक. पण खालून समांतर चालणारा जो दुसरा आवाज, तो त्याने एक सप्तक खाली उतरवून टेनरच्या ओळीत ठेवला. आल्टोला काय उरले? भरणा. एकाच स्वरावर दोन-दोन मात्रा थांबायचे, मग अर्धा स्वर खाली, पुन्हा वर. चारही आवाज भरपूर असले की हे छान ऐकू येते, मी ऐकले आहे. टेनर गडद रंगात दुसरी ओळ गातो, आल्टो मधली पोकळी भरते. कागद म्हणून या मांडणीत एकही चूक नाही.

मी ज्या कॉयरच्या सरावाला बसलो होतो तिथे त्या संध्याकाळी अकरा बायका होत्या, दोन शाळकरी मुलगे होते आणि एक सत्तरीचे गृहस्थ, जे बास गात पण त्या दिवशी खोकत होते. टेनर एकही नाही. त्या गावातला कमावता पुरुष बोटीवर आहे किंवा आखातात. तारवटी वर्षातून काही महिने घरी येतो, तेव्हा कॉयरला टेनर मिळतो. बाकी वर्ष बायका. त्याआधीच्या वर्षी एका स्पर्धेत या कॉयरला परीक्षकांनी शेरा दिला होता, 'आवाज अपुरे'. सराव घेणाऱ्या बाईंनी तो कागद जपून ठेवला होता. मला दाखवताना त्या हसल्या, पण तो कागद फाइलीत पहिल्या पानावर होता.

मी मुंबईत, पणजीत अनेकांना हे सांगितले तेव्हा उत्तर ठरलेले आले : मग त्यांनी चार आवाजांचे गाणे घेऊ नये. या उत्तरात एक गृहीत आहे, की मांडणी पूर्ण आहे आणि माणसे अपुरी आहेत. मला ते उलटे वाटते. टेनर काढल्यावर त्या मांडणीत काय उरते ते हार्मोनियमवर वाजवून पाहा. मी संगीतशाळेत शिकलेलो नाही. एकेक ओळ वाजवूनच पाश्चात्य स्वरलिपी वाचायला शिकलो, त्यामुळे ओळी सुट्या ऐकायची मला सवय आहे. सोप्रानो आणि आल्टो एवढेच वाजवले तर चाल ऐकू येते आणि तिच्याखाली कोणीतरी वाट पाहत उभे असल्यासारखे वाटते. मांडो ऐकू येत नाही. कारण मांडोचा अर्धा भाग टेनरबरोबर बोटीवर गेलेला असतो.

बाईंनी पेन्सिलीने केले ते एवढेच : टेनरची ओळ एक सप्तक वर नेऊन आल्टोला दिली. आल्टोचा भरणा दोन मुलग्यांना दिला, येईल तेवढा. बासची ओळ कंसात टाकली. कंसाचा अर्थ, खोकला बरा असेल तर. त्या रात्री घरी येऊन मी ही पेन्सिलीची प्रत पहिल्या, वहीतल्या प्रतीशेजारी ठेवली. वरच्या दोन ओळी जवळजवळ सारख्या होत्या. शाईने लिहिलेले खोडत खोडत त्या बाई जुन्या वहीपाशी पोचल्या होत्या, ती वही न पाहता.

'लवचिक मांडणी' हा शब्द हल्ली शाळा-कॉलेजांसाठी संगीत छापणाऱ्यांच्या तोंडी असतो. तेच गाणे मिश्र चार आवाजांसाठी, तेच सोप्रानो-आल्टो आणि पुरुषांची एकच ओळ अशा तिघांसाठी, तेच फक्त मुलींसाठी, फक्त पुरुषांसाठी. ज्या वर्गात आवाज फुटलेले मुलगे चारच आहेत तिथे त्यांना टेनर-बास असे विभागून काय करणार, म्हणून तीन आवाजांची प्रत. सोय म्हणून हे उत्तम. पण सोय आणि मांडणी यांत फरक आहे. पर्सी ग्रेंजर (१८८२–१९६१) या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या संगीतकाराने १९२९मध्ये हौशी वाद्यवृंदांसाठी हाच प्रश्न घेतला आणि त्याला 'इलॅस्टिक स्कोअरिंग' असे नाव दिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की कोणते वाद्य वाजते याला महत्त्व कमी. ओळींचे एकमेकींशी असलेले वजन राखले तर चार वाद्यांतही ती रचना उभी राहते आणि चाळीसांतही. ग्रेंजरने स्वतः लोकगीते गोळा केली होती, याचा या विचाराशी संबंध असावा असे मला वाटते. ज्याने गावात गाणे ऐकले आहे तो आज कोण आले आहे हे आधी पाहतो.

हंगेरीत झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांनी १९३७ ते १९४२ या काळात 'बिचिनिया हुंगारिका'चे चार भाग काढले, मुलांसाठी दोन आवाजांची गाणी. मी त्यातली काही हार्मोनियमवर वाजवून पाहिली. त्यांत भरण्याची ओळ जवळपास सापडत नाही. खालच्या आवाजातल्या मुलालाही घरी जाताना गुणगुणावी अशी ओळ मिळते. माझ्या मते लवचिकतेची खरी कसोटी हीच : कोणतीही ओळ सुटी काढली तर ती गाता येते का?

मांडोच्या बाबतीत ही कसोटी आणखी एका ठिकाणी लागते, आणि इथे थोडा तांत्रिक तपशील टाळता येणार नाही. समजा चाल गायला पुरुष आहे आणि दुसरा आवाज बायकांचा. म्हणजे खालची ओळ सप्तकभर वर गेली, चालीच्या डोक्यावर बसली. काय होते? चाल ग, खाली सा. आता खाली ग, वर तार सा. तिसऱ्याचा सहावा झाला. दोन्ही गोड. उलटेही तसेच, सहाव्याचा तिसरा होतो. पण चाल प आणि खाली सा असेल, म्हणजे पाचव्याचे अंतर, तर उलटल्यावर खाली प, वर तार सा, म्हणजे चौथ्याचे अंतर होते. पाश्चात्य दोन आवाजी लेखनात खालच्या आवाजावर उभा राहिलेला चौथा गेली कित्येक शतके अस्थिर मानला गेला आहे, तो कुठेतरी उतरावा लागतो. (आपल्या कानाला तो तितका खुपत नाही. तानपुऱ्याचा पंचम काढून मध्यम लावणाऱ्या देशात चौथ्याला परका म्हणणे अवघडच.) तर मुद्दा असा, की मांडोचे दोन आवाज बहुतांश तिसऱ्या-सहाव्यात चालतात म्हणूनच ते वर-खाली झाले तरी मोडत नाहीत. लवचिकता त्याच्या बांध्यातच आहे. शाईची प्रत लिहिणाऱ्याने बासबरोबर जे पाचवे आणले त्यांनी चार आवाजांत भारदस्तपणा आला, पण अदलाबदलीची वाट बंद झाली.

यावर एक आक्षेप रास्त आहे. दोन आवाजांवर समाधान मानायचे तर गोव्याच्या संगीतकारांनी एवढे शिकून काय केले? मला चार आवाज नको आहेत असे नाही. मला हवे आहे ते असे, की चौघांसाठी लिहिताना वरच्या दोन ओळी आधी पुऱ्या कराव्यात, दुसरा आवाज आल्टोकडे राहावा, आणि टेनर-बास आले तर गाणे रुंद व्हावे, नाही आले तर अर्धे होऊ नये. ज्याच्याखाली कोणी नाही तो बास, एवढे लिहिणाऱ्याने लक्षात ठेवले की पुरे.

मराठी वाचकाला हा प्रश्न लांबचा वाटेल, कारण आपले समूहगीत एकाच ओळीचे. पण एकच ओळ असली म्हणून आवाजांचा प्रश्न सुटत नाही, तो पट्टीत येऊन बसतो. पुरुष काळी एकला सुखावतो, बाई काळी चार-पाचला. शाळेत पेटी शिक्षकाच्या हातात, म्हणून पट्टी शिक्षकाची, आणि अंतऱ्याला मुली किंचाळतात नाहीतर मुलगे गप्प होतात. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांनी या गोष्टीकडे गांभीर्याने पाहिले होते. 'वंदे मातरम्' समूहाला गाता येत नाही, बँडवर वाजत नाही, हा आक्षेप त्या काळी घेतला जाई. नेहरूंनीही १९४८ साली संविधान सभेत राष्ट्रगीताविषयी बोलताना वाद्यवृंदाच्या सोयीचा मुद्दा मांडला होता. मास्तरांनी मिश्र झिंझोटीत समूहासाठी चाल बांधली, बँडची तयारी केली, सदस्यांपुढे प्रात्यक्षिक दिले. २४ जानेवारी १९५०ला निर्णय 'जन गण मन'च्या बाजूने झाला. त्याच्या राजकीय बाजूवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण भास्करबुवा बखल्यांचा गंडा बांधलेला, तानांवर हुकमत असलेला गवई सामान्य माणसाच्या गळ्याला पेलेल अशा बेताने चाल बसवतो, या कामाकडे मांडणी म्हणून कोणी फारसे पाहिले नाही. आपल्याकडे चाल देणाऱ्याचे नाव होते. ती दहा जणांत वाटून देणाऱ्याचे नाव क्वचितच कुठे छापले जाते.

त्या बाईंचेही नाव इथे नाही, त्यांनीच नको म्हटले. पुन्हा गेलो तेव्हा कॉयरमध्ये नऊ बायका होत्या. मुलग्यांपैकी एकाचा आवाज फुटला होता. बाईंनी त्याला आल्टोचाच दुसरा आवाज सप्तकभर खाली गायला लावले होते, कारण बासपर्यंत त्याचा गळा अजून पोचत नव्हता. घुमट वाजवायला शेजारच्या वाड्यावरची एक मुलगी आली होती. चार आवाजांची प्रत पेटीखाली होती. मी ती मागितली, तर बाई म्हणाल्या, "असू दे. डिसेंबरात दोघे तारवटी येतायत, तेव्हा लागेल."