कॉल लागला, पण ऐकू काय आलं?

गाडीत बसवायच्या सेल्युलर मॉड्यूलवरचा कुठलाही प्रोजेक्ट रिपोर्ट उघडा, ‘आपत्कालीन कॉलची चाचणी यशस्वी’ ही ओळ सापडेलच. माझ्या पहिल्या रिपोर्टमध्येही होती. आज तिच्यावरच टीका करायची आहे.

यशस्वी म्हणजे काय, तर शांत लॅबमध्ये, टेबलावर कॉल लागला आणि पलीकडून ‘हॅलो’ आलं. एआयएस-१४० नुसार १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत ट्रॅकिंगचं यंत्र आणि आपत्कालीन बटण आलं. त्याला बोलण्याची सोय जोडायची म्हटली की आपण मॅन्युअल उघडतो. त्यात नेटवर्कचं प्रकरण वेगळं, ऑडिओचं वेगळं. आपणही दोन्ही वेगवेगळी तपासतो आणि तिथेच फसतो.

माझंच बघा. लॅबमधल्या सिमवर व्होल्टी, म्हणजे ४जीवरूनच आवाजाचा कॉल, चालू होतं. नाशिक फाट्यावरून चाकणकडे जाताना दुसरं सिम घातलं. डेटा सर्व्हरला नीट जात होता, म्हणजे नोंदणी झालेली होती. पण ४जीवर डेटाची नोंदणी झाली म्हणून आवाजाची सोय झाली असं नाही; त्यासाठी आयएमएसची नोंदणी वेगळी लागते. ती नव्हती, म्हणून कॉल लावताना मॉड्यूल २जीवर उतरायचं. आणि पलीकडे भुंग्यासारखी गुणगुण. दोन आठवडे मी माइक बदलत बसलो! (गाइड काही बोलले नाहीत, हे त्यांचे उपकार.)

२जीमध्ये मॉड्यूल सलग प्रक्षेपण करत नाही. दर ४.६१५ मिलिसेकंदांनी एक झटका, म्हणजे सेकंदाला साधारण २१७. प्रत्येक झटक्याला करंट २ अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. पुरवठा तेवढा डगमगतो, माइकची वायर ते पकडते आणि ते थेट कानात येतं. बिघाड ऑडिओत दिसला, कारण मात्र नेटवर्कमध्ये होतं. जिओसारख्या फक्त ४जी-५जी नेटवर्कवर तर उतरायला २जीच नाही. तिथे आयएमएस नसेल तर कॉलच नाही.

उलट बाजूही आहे. व्होल्टीवर रुंद पट्ट्याचा आवाज मिळतो, पण पीसीएमची जोडणी ८ किलोहर्ट्झवर ठेवलीत तर ४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं तिथेच कापलं जातं. एको कॅन्सलेशनचंही तसंच: टेबलावर जुळवलेले आकडे डॅशबोर्डमध्ये, स्पीकर-माइकचं अंतर बदलल्यावर, चालतीलच असं नाही.

युरोपच्या ई-कॉलमध्ये या दोन्हींचा एकत्र विचार दिसतो. २०१८ पासून तिथल्या नव्या मॉडेलच्या कारना ते सक्तीचं आहे. ठिकाण वगैरे माहितीचे १४० बाइट आवाजाच्याच वाटेने, माणसाच्या बोलण्याआधी जातात. जखमी माणसाला बोलता आलं नाही तरी गाडी कुठे आहे ते कळतं.

तेव्हा तुमच्या तक्त्यात ‘कॉल लागला: हो/नाही’ एवढाच रकाना ठेवू नका. कॉल कुठल्या नेटवर्कवर लागला, सॅम्पलिंग किती होतं, खिडकी उघडी की बंद, हे लिहा. आणि पलीकडे बसलेल्याला ऐकलेले शब्द कागदावर उतरवायला लावा. माझ्या दुसऱ्या फेरीत ड्रायव्हर ‘तळेगाव’ म्हणाला होता. कागदावर ‘तळवडे’ होतं. तो कॉलही ‘यशस्वी’च मोजला असता मी.