ओठ परक्याचे, शब्द आपले

अंधेरीच्या ध्वनिमुद्रणगृहांत परभाषी चित्रांना मराठी-हिंदी आवाज देण्याचे काम नित्य चालते. या कलेची खरी कसोटी लूकच्या शुभवर्तमानावरील 'जीझस' (१९७९) या चित्रपटात लागते. ब्रायन डीकन या नटाचे ओठ इंग्रजी बोलतात. त्यांवर मराठीसह हजारांहून अधिक भाषा बसवल्या गेल्या.

प, ब, म उच्चारताना ओठ मिटतात. तेथील चूक तत्काळ खुपते. त्याहून बिकट प्रश्न शब्दक्रमाचा. इंग्रजीत क्रियापद कर्माआधी येते, ग्रांथिक मराठीत अखेरीस. क्रुसावरील क्षमायाचनेत मुद्रेवर करुणा उमटते, तेव्हा 'क्षमा' हा शब्द अजून यायचाच असतो. बोलण्यात मात्र व्याकूळ माणूस 'क्षमा कर' आधी म्हणतो; कोणाला, ते मागून. म्हणजे ओठ साधायचे तर प्रार्थनापुस्तकाची भाषा सोडून घरची भाषा जवळ करावी लागते. हे बंधन नव्हे, उपकारच.

'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' (२००४) मध्ये मेल गिब्सनने अरामी, हिब्रू व लॅटिन संवाद ठेवले. ते प्रामाणिक खरे; पण उपशीर्षके वाचू न शकणाऱ्या आजीने काय करावे? पेंटेकॉस्टच्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या भाषेत ऐकले. प्रेषितांच्या ओठांकडे कोणी पाहिल्याची नोंद नाही.