जागा एकच : आइस हॉकीच्या पुस्तकांतला गोलरक्षक

क्रीडासाहित्याची एक जुनी खोड आहे : जो पोहोचला त्याचीच कहाणी ते सांगते. उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीवरची पुस्तके वाचताना ही खोड मला गोलरक्षकाच्या बाबतीत सर्वांत ठळक दिसली. दुय्यम लीगमध्ये वर्षानुवर्षे वाट पाहणारा तरुण गोलरक्षक लेखकांच्या हातून सहसा निसटतो.

याचे मूळ अंकगणितात आहे. 1942 ते 1967 या काळात एनएचएल या सर्वोच्च लीगमध्ये सहाच संघ होते आणि बराच काळ प्रत्येक संघ एकाच गोलरक्षकावर खेळे. म्हणजे खऱ्या जागा सहा. आघाडीच्या खेळाडूला तिसऱ्या-चौथ्या फळीतून आत शिरता येते. चार मिनिटे मिळाली तरी कसब दाखवता येते. गोलरक्षकाला अशी फट नसते. वरचा जखमी झाला, विकला गेला किंवा ढेपाळला, तरच दार उघडते.

जॉनी बॉवरचे उदाहरण घ्या. 1945 पासून तो क्लीव्हलंड बॅरन्सकडून दुय्यम लीगमध्ये खेळत होता. 1953-54 मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने त्याला सर्व 70 सामने खेळवले आणि पुढच्या हंगामात पुन्हा खाली पाठवले. टोरांटोने 1958 मध्ये त्याला घेतले तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. त्यानंतर त्याने चार स्टॅनले कप जिंकले. ते चार कप मिळाले नसते, तर आधीच्या तेरा वर्षांची कोणी दखल घेतली असती का?

या खेळावरचे सर्वांत विचारी पुस्तक म्हणजे गोलरक्षक केन ड्रायडनचे ‘द गेम’ (1983). जाळ्यापुढचे एकटेपण आणि चेंडू, म्हणजे इथे ‘पक’, दुसऱ्या टोकाला असतानाची अस्वस्थता त्याने फार बारकाईने टिपली आहे. पण ही जागा मिळालेल्याची प्रतीक्षा आहे. ड्रायडनने दुय्यम संघाकडून जेमतेम एक अपुरा हंगाम काढला. 1971 च्या मार्चमध्ये मॉन्ट्रियलने त्याला वर बोलावले. सहा साखळी सामन्यांनंतर तो थेट बाद फेरीत उतरला आणि संघाने कप जिंकला. आधीचा गोलरक्षक वाशाँ त्याच वर्षी नोव्हेंबरात लॉस एंजेलिसला गेला. एकाचे येणे म्हणजे दुसऱ्याचे जाणे, हे या पेशाचे निष्ठुर सूत्र आहे.

‘स्लॅप शॉट’ (1977) या चित्रपटाला दुय्यम लीग नीट कळली आहे. पटकथाकार नॅन्सी डाउड यांच्या भावाने तिथले आयुष्य प्रत्यक्ष अनुभवले होते. गिरणी बंद पडतेय, तिच्याबरोबर संघही संपणार, ही धास्ती त्यात खरी उतरते. मात्र गोलरक्षक तिथेही विनोदापुरताच येतो. जॉर्ज प्लिम्प्टनचे ‘ओपन नेट’ (1985) तर हौशी पाहुण्याचे पुस्तक : काही मिनिटे गोलात उभे राहून लेखक आपल्या टेबलाकडे परततो. त्याची उपजीविका त्या जाळ्यावर अवलंबून नव्हती.

म्हणून माझे म्हणणे असे : या साहित्यात गोलरक्षकाचे मन आहे आणि दुय्यम लीगचे गावही आहे, पण दोन्ही एका पुस्तकात क्वचितच भेटतात. आज एनएचएलमध्ये 32 संघ आहेत, तरी बर्फावर प्रत्येकाचा गोलरक्षक एकच असतो. खाली वाट पाहणारे बहुतेक जण वर जाणार नाहीत. त्यांच्या वर्षांना शेवटच्या यशाची तारण न मागता लिहिणारा लेखक या खेळाला अजून हवा आहे.