नागपूरची मोजपट्टी आणि वेगळी प्रश्नपत्रिका

तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचे मूल्यमापन इतरांच्याच प्रश्नपत्रिकेवर करायचे, की त्याच्यासाठी वेगळे मूल्यमापन योजायचे? हा प्रश्न समोर आला, की आपला हात आधी प्रमाणपत्राकडे जातो. त्यावर टक्का लिहिलेला असतो आणि टक्का पाहिला की निर्णय झाला असे वाटते. हा टक्का येतो कोठून, ते आपण तपासून पाहू.

अमेरिकेतील व्हाइनलँड येथे एडगर डॉल यांनी १९३५ मध्ये सामाजिक परिपक्वतेची मापनश्रेणी तयार केली. तिचे भारतीय रूपांतर आपल्या विदर्भातच, नागपूरच्या बाल मार्गदर्शन केंद्रात, ए. जे. मालिन यांनी केले. तीत जन्मापासून १५ वर्षांपर्यंतच्या ८९ बाबी आहेत. मूल स्वतः जेवते का, कपडे घालते का, एकटे शाळेत जाते का, असे प्रश्न आईला किंवा सांभाळणाऱ्याला विचारतात. मुलाला लिहावे-वाचावे लागत नाही. परीक्षेच्या भीतीने ते गप्प बसले तरी बिघडत नाही. रोजच्या जगण्याकडे पाहणारी ही मोजपट्टी म्हणूनच आम्हांला मोलाची वाटते.

तिचा हिशेब सोपा आहे. सामाजिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून १०० ने गुणायचे. मूल १० वर्षांचे आणि सामाजिक वय ५, तर अंक ५०. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी या अंकांना टक्के जोडून दिले: सौम्य अक्षमतेला ५०, मध्यमला ७५, तीव्रला ९० आणि अतितीव्रला १००. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्क्यांपासून पुढच्या व्यक्ती ‘लक्षणीय दिव्यांग’ ठरतात.

पहिली अडचण येथेच आहे. हा टक्का सवलती आणि योजनांसाठी ठरवलेला आहे, प्रश्नपत्रिका निवडण्यासाठी नव्हे. ज्याचा अंक ६० आहे तो मुलगा जादा वेळ आणि सोपी भाषा मिळाल्यास वर्गातलाच धडा शिकू शकेल. ज्याचा २५ आहे त्याला शब्द, खूण, वस्तू ओळखणे येथूनच सुरुवात करावी लागेल. प्रमाणपत्रावर दोघांचेही शीर्षक एकच असते : बौद्धिक अक्षमता.

दुसरी अडचण संधीची आणि भाषेची. केळापूर किंवा झरी-जामणी तालुक्यातल्या कोलाम पोडावरची आई घरी कोलामी बोलते. तिला मराठीत प्रश्न विचारला, तर उत्तर मुलाविषयी मिळाले की भाषेविषयी? घरात घड्याळच नसेल, तर वेळ सांगता न येणे ही अक्षमता कशी? डॉल यांच्या मूळ पद्धतीत ‘संधी मिळाली नाही’ अशी वेगळी नोंद होती. हा बारकावा घाईत सुटला, की गरिबीचीच मोजणी होते. बुद्धिमापन चाचण्यांचेही तसेच. वि. वि. कामत यांनी धारवाडला बिने-चाचणीचे मराठी-कानडी रूप सिद्ध केले. पण ज्या मुलाने मराठी पहिलीतच प्रथम ऐकली, त्याला ते मराठी रूपही परकेच. शिवाय अशा चाचणीत ७० हा अंक म्हणजे ढोबळमानाने ६५ ते ७५ यांच्यामधले काहीतरी, हे विसरून चालत नाही.

चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. शिकू शकणाऱ्या मुलाला वेगळ्या मूल्यमापनाकडे वळवले, तर त्याला शिकवणेही हळूहळू पातळ होते आणि दहावीची वाट बंद होते. ज्याला वेगळे मूल्यमापन हवेच आहे, त्याला नेहमीची पत्रिका दिली, तर कोरी उत्तरपत्रिका हातात येते. वर्षभरात तो काय शिकला हे कोणालाच कळत नाही.

अमेरिकेत २०१५ च्या कायद्याने पर्यायी परीक्षेला बसणाऱ्यांवर राज्यात प्रत्येक विषयात १ टक्क्याची मर्यादा घातली. केवळ अपंगत्वाचा प्रकार, पूर्वीचे कमी गुण किंवा मूल इंग्रजी नव्याने शिकत आहे, या कारणांवरून मुलाला तिकडे पाठवता येत नाही, असेही तेथील नियम सांगतात. टक्क्याची मर्यादा आपल्याकडे जशीच्या तशी आणावी असे आम्ही म्हणणार नाही; एका तालुक्यात गरज कमी, दुसऱ्यात जास्त असू शकते. कारणांची ही गाळणी मात्र घेण्यासारखी आहे.

आपल्या २०१६ च्या कायद्याचे १७ वे कलम अभ्यासक्रमात आणि परीक्षापद्धतीत योग्य बदल करण्यास सांगते. तो बदल मुलागणिक ठरवायचा, तर वर्गशिक्षक, विशेष शिक्षक आणि पालक यांनी एकत्र बसावे, पालकांच्या भाषेत बोलणारे कोणी सोबत असावे. जादा वेळ, लेखनिक, चित्रे, तोंडी उत्तर हे सारे आधी करून पाहिले का? अडचण फक्त पुस्तकातच आहे, की घरी, अंगणात, बाजारातही? या उत्तरांची तारखेसह नोंद ठेवावी आणि दरवर्षी निर्णय पुन्हा तपासावा. प्रमाणपत्र त्या बैठकीत जरूर असावे, पण अनेक कागदांपैकी एक म्हणून. मुलाला रोज पाहणाऱ्या शिक्षकाची वही त्याच्या शेजारी उघडी हवी.